हरणाबाईचा टाक

म्हैसूरच्या नजरबाद भागात सरकारी कचेऱ्यांसमोर दुकानांची एक ओळ आहे. झेरॉक्स, स्टँप पेपर, पासपोर्ट फोटो, शहाळी. त्या ओळीतल्या सहा फुटी गाळ्यात माझी मैत्रीण बसते. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, एक टेबलफॅन. लोकांचे अर्ज भरून देणं हे तिचं काम. जन्माचे दाखले, नावातल्या दुरुस्त्या, प्रतिज्ञापत्रं. कन्नड आणि इंग्रजी दोन्ही ती कीबोर्डकडे न बघता टाइप करते. बघते ती समोरच्या माणसाकडे, आणि बहुतेक वेळा वैतागून.

तिचं नाव हरणा. वय छत्तीस.

मी तिच्याहून बारा वर्षांनी लहान. माझे आईवडील नाशिकहून इथे नोकरीला आले, तेव्हा मी बालवाडीत होते. पुढे मी साहित्य शिकायला पुण्याला गेले आणि पदवी घेऊन परत आले. रहिवासी दाखल्यासाठी तिच्या गाळ्यासमोर उभी होते. फोनवर आईशी भांडत होते. हरणा म्हणाली, "आईवर ओरडू नको. जन्मगाव सांग." मी फोन ठेवून दिला. म्हैसूरमध्ये अनोळखी माणसानं मला मराठीत दटावलं, असं तोवर झालं नव्हतं.

तिचं मराठी माझ्याहून जुनं आहे आणि त्यात निम्मं कन्नड आहे. 'गं' म्हणायचं तिथे ती 'कणे' म्हणते. तिचे पूर्वज इथल्या महाराजांच्या घोडदळात होते. आता घोडदळ नाही. घर लष्कर मोहल्ल्यात, मिक्सर दुरुस्तीच्या दुकानावर, दोन खोल्यांचं. तिथे ती आणि तिची आई सरस्वतीबाई राहतात. वडील गेले. धाकटा भाऊ राघवेंद्र सॉफ्टवेअरमध्ये आहे. तो लग्नानंतर वेगळा राहतो.

हरणा हे नाव तिनं निवडलेलं नव्हतं, आणि बरीच वर्षं ते तिला आवडतही नव्हतं. शाळेत पोरी तिला जिंके म्हणायच्या, म्हणजे हरीण. तिसरीत बाईंनी हजेरीपटावर परस्पर हरिणी करून टाकलं, कारण हरिणी हे नाव त्यांना माहीत होतं. वडील शाळेत जाऊन बदलून आले. घरी येऊन त्यांनी तिला देवघरासमोर बसवलं आणि हरणाबाईची गोष्ट सांगितली.

ती गोष्ट मी हरणाकडून इतक्यांदा ऐकली आहे की मलाही पाठ आहे. मूळ पुरुष भुजंगराव. लढाईत जखमी होऊन नदीच्या पलीकडे पडला. सोबतचे निघून गेले. त्याची बायको हरणाबाई घोड्यावर बसून गेली, त्याला आडवा घातला आणि पुराच्या पाण्यातून घरी घेऊन आली. तो जगला म्हणून पुढची सगळी माणसं जन्मली. म्हणून घरातल्या थोरल्या मुलीचं नाव हरणा. बारशाला आत्या आपलंच नाव भाचीच्या कानात सांगते. हरणाला सख्खी आत्या नव्हती, म्हणून तिला ते वडिलांच्या आत्यानं दिलं. ती आत्या गेली. आता त्या नावाची ही एकटीच.

याला पुरावा म्हणजे टाक. म्हणजे देवघरातला चांदीचा छोटा पत्रा, पूर्वजाची आकृती ठोकून काढलेला. या घरात असे सात आहेत. हरणाबाईच्या टाकावर फक्त घोडा दिसतो. वरची बाई झिजून गेली, असं सगळे म्हणतात. दर नवरात्राच्या आधी टाक चिंचेनं घासायचे. कितीतरी सुनांनी घासले. बाई राहील कशी?

सत्ताविसाव्या वर्षी हरणाचं लग्न ठरलं होतं, बेंगळुरूला. हॉलचं भाडंही भरून झालं होतं. मुलाकडचे म्हणाले, लग्नात नाव बदलू, हरिणी ठेवू, जवळचंच आहे. तिनं नकार दिला. सगळ्यांना वाटलं, हट्ट आहे. ती मला एकदा म्हणाली, "मला पण तेव्हा नाव आवडत नव्हतं कणे. पण ती बाई पुरातून गेली, आणि मी हॉलच्या भाड्यासाठी नाव सोडू?" लग्न मोडलं. पुन्हा ठरलं नाही.

जुलैमध्ये राघवेंद्रला मुलगी झाली.

त्याची बायको मृदुला नागपूरची. तिचे आईवडील वीस वर्षांपूर्वी इथे आले आणि विजयनगरला फ्लॅट घेऊन राहिले. मृदुला हुशार आहे, प्रेमळ आहे, आणि कुठलीही गोष्ट फोनवर तपासल्याशिवाय करत नाही. बाळाच्या नावासाठी तिनं एक ॲप घेतलं होतं. त्यात नाव घातलं की तीन रकाने येतात. लोकप्रियता, अर्थ, उगम. तिला दुर्मीळ नाव हवं होतं. तिनं अयांशी निवडलं होतं. ॲपमध्ये लिहिलं होतं, अत्यंत दुर्मीळ.

हरणानं त्या महिन्यात चार अयांशींचे अर्ज भरले होते.

शहरात कोणतं नाव वाढतंय हे तिला कुठल्याही ॲपच्या आधी कळतं. आईबाप येतात, आवाज खाली आणून सांगतात, मॅडम, हे नाव अजून कुणाचंच नाही. ते त्या आठवड्यातलं तिसरं असतं. ती काही बोलत नाही. टाइप करते आणि पुढच्याला बोलावते. पण घरच्या माणसासमोर तिला गप्प राहता आलं नाही. ती मृदुलाला म्हणाली की दुर्मीळच हवं तर घरात आहे, फुकट आहे, आणि मी आत्या आहे.

मृदुलानं तिथल्या तिथे ॲपमध्ये हरणा घातलं. लोकप्रियता, माहिती नाही. अर्थ, माहिती नाही. उगम, माहिती नाही. खाली विचारलं होतं, तुम्हाला हरिणी म्हणायचं आहे का.

मी तिथेच होते. हरणाचा चेहरा मी पाहिला.

मृदुला वाईट बोलली नाही. ती म्हणाली की गोष्ट छान आहे, पण उद्या मुलगी विचारेल, ही बाई कोण, कुठली, कशावरून. शाळेत चिडवतील तेव्हा तिला काहीतरी ठोस सांगता यायला हवं. बाई खरी होती असं कुठे लिहिलेलं दाखवा, मी लगेच तयार आहे. बारसं दसऱ्यानंतरच्या रविवारी होतं. तोवर दाखवा. नाहीतर अयांशी.

राघवेंद्र मध्ये पडला नाही. तो इतकंच म्हणाला, "अक्का, तिचं म्हणणं पण चूक नाही ना."

हरणा माझ्यापुढे भराभर जिना उतरली. खाली आल्यावर म्हणाली, "दिवसभर मी लोकांकडून पुरावे मागते. ही माझ्याकडून मागते."

पुढचे सहा आठवडे मी तिच्याबरोबर फिरले. मला नोकरी नव्हती. तिला माझा उपयोग वाटत होता, कारण मी पुण्यात मोडी लिपी शिकले होते. एक वर्ष, आठवड्याला दोन तास. मी तिला सांगितलं की माझी मोडी कच्ची आहे. ती म्हणाली, आमच्याकडे कच्ची पण कुणाला येत नाही.

पण वाचायला कागदच नव्हता. ज्या कचेरीत जुनी दफ्तरं आहेत तिथे आम्ही चारदा गेलो. पहिल्यांदा साहेब नव्हते. दुसऱ्यांदा अर्ज चुकीच्या नमुन्यात होता. अर्ज हरणानं भरलेला होता. तिच्या आयुष्यात तिचा अर्ज कुणी परत केला नव्हता. तिसऱ्यांदा सांगितलं, घोडदळातल्या पुरुषांच्या याद्या आहेत, बायकांच्या कशा असतील? चौथ्यांदा तेच दुसऱ्या माणसानं सांगितलं. समाजाच्या मंडळात वंशावळीची छापील वही मिळाली. त्यात भुजंगरावाखाली तीन मुलगे होते. बायकोच्या जागी काहीच नव्हतं, नुसती रेघ. हरणानं ती वही इतक्या जोरात मिटली की मंडळाच्या चिटणिसांनी चष्म्यावरून पाहिलं.

नवरात्राच्या आधी सरस्वतीबाईंनी टाक घासायला काढले. हरणानं हरणाबाईचा टाक रुमालात गुंडाळला आणि आम्ही त्याच मोहल्ल्यातल्या एका चांदीच्या कारागिराकडे गेलो. म्हातारा माणूस, कन्नड बोलणारा, डोळ्याला भिंग लावून बसलेला. हरणानं त्याला सांगितलं की घोड्यावरची बाई झिजली आहे, तिचा काही मागमूस दिसतो का बघा, दागिना, पदर, काहीही. त्यानं पत्रा उलटासुलटा केला. मागून बोट फिरवलं. बराच वेळ बघून म्हणाला की वर कुणी नव्हतं.

हरणा म्हणाली, झिजलं आहे.

तो शांतपणे म्हणाला की झिजलं असतं तर आयाळही झिजली असती. आयाळीचा केस न् केस शाबूत आहे. पाठीची रेघ अखंड आहे. खोगीरसुद्धा नाही. करणाऱ्यानं घोडाच केला होता.

हरणानं टाक काढून घेतला. बाहेर आल्यावर मला म्हणाली, याला काही कळत नाही. मी हो म्हटलं. मला त्याचं म्हणणं पटलं होतं, पण मी हो म्हटलं.

मग गंगाधररावांचा फोन आला. हे तिच्या वडिलांचे चुलतभाऊ, कृष्णराजनगरला असतात, चार एकर भात आहे. त्यांना कुणाकडून तरी कळलं होतं की पोरगी पुरावा शोधत फिरते. ते म्हणाले, आमच्याकडे एक कागद आहे, खंडेनवमीला आम्ही त्याची पूजा करतो, काय लिहिलंय देव जाणे.

शनिवारी गाळा बंद ठेवून आम्ही बसनं गेलो. भात पोटरीत आला होता, लोंब्या अजून फुटायच्या होत्या. गंगाधररावांनी पत्र्याची नळी आणली आणि तिच्यातून कागद काढला. त्याच्यावर कुंकवाचे इतके ठिपके होते की अर्धी अक्षरं लाल झाली होती. वर्षानुवर्षं दर खंडेनवमीला तलवारीबरोबर कागदालाही कुंकू लावलं होतं. तारखेचा कोपरा वाळवीनं खाल्ला होता. पण मजकूर आठ ओळींचा होता, आणि अक्षर मोठं होतं.

मी एकेक शब्द लावत गेले. वर 'याद' असं होतं, म्हणजे टिपण. हरणा माझ्या खांद्यावरून बघत होती. तिचा श्वास मला ऐकू येत होता. दुसऱ्या ओळीत तिचं नाव दिसलं. मी बोट ठेवून दाखवलं. तिनं माझा दंड धरला.

त्या नावाच्या आधी एक शब्द होता. तो मी तीनदा वाचला. मला वाटलं, माझी मोडी कच्ची आहे. चौथ्यांदा वाचला.

"थांबू नको," हरणा म्हणाली. "वाच."

मी वाचलं. "घोडी हरणा. रंग कुमेत. कपाळी चांदवा. मजला जखमी असता नदीपार घरास आणिले. आज मयत झाली. टाक करविला. घरात थोरली लेक होईल तीस हेच नाव चालवावे." खाली भुजंगरावाचं नाव होतं.

साहित्याच्या वर्गात आम्ही जुने दस्तऐवज वाचत होतो तेव्हा ते मेलेल्या माणसांचे होते. हा कागद माझा दंड धरून उभा होता.

गंगाधरराव हसले. त्यांना ठसका लागला तरी हसत राहिले. "म्हणजे आमच्या आया इतकी वर्षं खणानारळानं घोडीची ओटी भरत होत्या की गं," ते म्हणाले. हरणानं माझा दंड सोडला. कागद हातात घेतला, जणू तिला वाचता येणार होतं. मग गुंडाळी करून नळीत घातला आणि जेवायला बसलो तेव्हा भात दोनदा मागितला. मला तेव्हा कळलं नाही की ती किती चिडली आहे.

बसमध्ये ती खिडकीशी बसली. मी म्हणाले की मोडी इथे मला एकटीला येते. मृदुलाला मी बायको असं वाचून दाखवू शकते. काका हसतील, पण सांगणार नाहीत. बाकी सगळं खरंच आहे, एकच शब्द बदलायचा आहे.

"रोज पाच माणसं मला हेच सांगतात," ती म्हणाली. "मॅडम, एकच शब्द बदलायचाय. मी त्यांना हाकलते."

मग ती बोलायला लागली, आणि शहर येईपर्यंत थांबली नाही. शाळेत तिला चिडवलं तेव्हा ती मनात म्हणायची, ती पुरातून गेली. लग्न मोडलं तेव्हा तिनं तेच म्हटलं. वडील वारले तेव्हा कचेरीत त्यांचे कागद करायला ती एकटी गेली, तेव्हाही तेच. बाई म्हणून तिनं जे जे धरून ठेवलं होतं ते सगळं एका बाईच्या भरवशावर. आणि ती बाईच नव्हती. ती रडली नाही. तिला राग आला होता, आणि कुणावर धरावा हे तिला कळत नव्हतं. भुजंगरावावर, तर त्यानं स्वच्छ लिहून ठेवलं होतं. सुनांवर, तर त्यांनी नुसतं घासलं होतं.

"आणि भुजंगरावाची बायको?" ती मध्येच म्हणाली. "तिचं काय नाव होतं? घोडीचं लिहिलं त्यानं. रंग पण लिहिला."



घरी सरस्वतीबाईंना सांगितलं तेव्हा त्या देवघरासमोर वाती वळत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं. मग म्हणाल्या, "मग काय झालं? चाळीस वर्षं मी तिची ओटी भरली. तिनं घेतली की." आणि पुढची वात घेतली.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी हरणा मृदुलाकडे गेली. मी बरोबर होते. हरणानं गाळ्यात लोकांना सांगते त्याच आवाजात सांगितलं. बाई नव्हती. घोडी होती. कागद आहे, फोटो आहे, वाचणारी ही आहे. पुरावा मिळाला, पण तुम्ही मागितला तो नाही. तेव्हा अयांशी ठेवा. एवढं बोलून ती उठलीच.

मृदुलानं तिचा हात धरला. तिचे डोळे मोठे झाले होते. तिनं फोटो मागितला. मला पुन्हा वाचायला लावलं आणि ते रेकॉर्ड केलं. मग म्हणाली, "ताई, हे किती भारी आहे. जखमी मालकाला पुरातून घेऊन येणारी घोडी. असा उगम कुणाच्या नावाला असतो? आपण हेच ठेवू. राघव, आपण हेच ठेवतोय."

राघवेंद्र म्हणाला, "बघ अक्का. झालं ना तुझ्या मनासारखं?"

हरणानं राघवेंद्रकडे पाठ केली. मग मृदुलाला म्हणाली, "बाई होती तेव्हा तुला पुरावा पाहिजे होता. घोडी निघाली तर एका मिनिटात हो."

मृदुलाला ते कळलं नाही. तिला खरोखरच कळलं नाही. ती म्हणाली की असं कसं ताई, आता पुरावा आहे म्हणूनच तर. आणि ते खरं होतं.

हरणा चार दिवस बारशाला जाणार नाही म्हणत होती. मला म्हणाली, बेडा, नकोच, दुसरी कुणी आत्या आणू दे, ॲपवर मिळेल. गाळ्यात एका माणसाला तिनं नुसत्या सहीसाठी तीनदा परत पाठवलं. शनिवारी अजून एक अयांशी आली. तिनं अर्ज भरला, बाळाच्या आईकडे बघितलं आणि विचारलं, हे नाव का निवडलं. बाई म्हणाली, सगळ्यांचं असतं तसं नाही ना हे, म्हणून. हरणानं मला फोन केला. म्हणाली, "उद्या सकाळी दहाला ये. मी साडी नेसते."

विजयनगरचा फ्लॅट भरला होता. मृदुलाच्या आईनं पाळण्याला मोगऱ्याच्या माळा सोडल्या होत्या. भिंतीवर पुठ्ठ्याची घोडी होती, कपाळावर चांदवा काढलेली. तिच्याखाली नाव, अर्थ, उगम असे तीन रकाने छापले होते. लोकप्रियतेचा रकाना मृदुलानं काढून टाकला होता. हरणानं ते सगळं वाचलं. मला वाटलं, ती आता परत फिरेल. ती पाळण्याजवळ गेली.

बायकांनी गोविंद घ्या, गोपाळ घ्या केलं. हरणा वाकली. बाळाच्या कानाशी कुर्र करून नाव सांगितलं. बायकांनी तिच्या पाठीत थापट्या मारल्या. नेहमीपेक्षा जोरात, हसत. ती बराच वेळ वाकलेलीच राहिली. सरळ झाली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. मृदुलानं विचारलं, एकदा मोठ्यानं सांगा ना ताई, व्हिडिओत आलं नाही. हरणानं मोठ्यानं सांगितलं.

जेवणाच्या वेळी आम्ही दोघी बाल्कनीत ताटं घेऊन बसलो. ती पुठ्ठ्याच्या घोडीबद्दल बोलत होती. तिचे पाय कुत्र्यासारखे झालेत, म्हणाली. काढणाऱ्यानं घोडी जन्मात पाहिली नसेल. आणि तो उगम. त्यात भुजंगरावाचं नाव आहे, घोडीचा रंग आहे, मोडी वाचणाऱ्या तुझं नाव आहे. मी कुठे आहे त्यात? छत्तीस वर्षं हे नाव कोण वागवत होतं?

मी म्हटलं की मी मृदुलाशी बोलते. ती म्हणाली, सुम्ने बस. उगीच काही बोलू नको.

तेवढ्यात आतून मृदुलाच्या आईची हाक आली. "हरणा, ए हरणा, इकडे बघ गं."

या शहरात त्या नावाची हाक आली की ओ देणारी एकच होती. ती ताट खाली ठेवून उठली. "आले," म्हणाली, आणि दारापर्यंत गेली.

आत मृदुलाची आई पाळण्यावर वाकून खुळखुळा वाजवत होती. हरणाकडे तिचं लक्षही नव्हतं.